अण्णांचं अडकलेलं बिल आणि बेंगळुरूची नोकरी

«ताई, नमस्कार. मी कोल्हापूरची, वय २७. अण्णांचं गोकुळ शिरगाव एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. संगणकावर चालणारी तीन यंत्रं, म्हणजे दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी, आणि सहा कामगार. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशीनिंग करून देतात. मी अर्थशास्त्रात बीए केलं, मग मुंबईत सार्वजनिक धोरण विषयात एमए, आणि दोन वर्षं एका सरकारी फेलोशिपवर जिल्ह्यात काम केलं. आता बेंगळुरूच्या एका फिनटेक कंपनीकडून बोलावणं आलंय. ती कंपनी छोट्या उद्योगांना बिलांवर कर्ज मिळवून देते आणि मला त्यांच्या धोरण विभागात घेतायत. अण्णा म्हणतात, एवढं शिकलीस तर एमपीएससी दे, कंपनीची वकिली कशाला करतेस? फेलोशिपमधले मित्र म्हणतात, तू विकली गेलीस. मला वाटतं, अण्णांसारख्यांसाठी तिथून काहीतरी करता येईल. आमचं स्वतःचंच एक बिल एका मोठ्या कंपनीकडे चार महिने अडकलंय आणि अण्णा तक्रार करायला तयार नाहीत. मी जाऊ का? आणि गेले तर मी नक्की कोणासाठी बोलणार?»

गोकुळ शिरगावच्या लेकी,

तुझा शेवटचा प्रश्न आणि अण्णांचं अडकलेलं बिल एकाच धाग्याची दोन टोकं आहेत. म्हणून नोकरीचं नंतर बोलते, आधी बिल बघू.

एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग, यांच्या विकासाचा कायदा २००६ सालचा. त्याचं १५वं कलम सांगतं, की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेतली आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे. करार असला तरी मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. उशीर झाला तर १६व्या कलमानुसार रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. प्रकरण राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलपुढे, म्हणजे अशा तक्रारी निकालात काढणाऱ्या समितीपुढे, जातं आणि कौन्सिलच्या निकालाला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. २०१७ मध्ये 'समाधान' पोर्टल आलं, तेव्हापासून ही तक्रार घरबसल्या ऑनलाइन करता येते. याहून कडक कायदा कागदावर काय असणार?

आणि तरीही अण्णा तक्रार करत नाहीत. त्यांना भित्रं समजू नकोस, त्यांचा हिशेब पक्का आहे. तक्रार केली तर ते बिल कदाचित सुटेल, पण कंपनीचा पर्चेसवाला एक शब्दही न बोलता पुढच्या महिन्याचं ड्रॉइंग शेजारच्या शेडला देईल. व्हीएमसीच्या कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला जाणारच, आणि सहा जणांचा पगारही.

मी बँकेत बारा वर्षं काढली. त्यातली पाच लघुउद्योगांच्या कर्जाच्या टेबलावर. भोसरीचे एक फॅब्रिकेशनवाले गृहस्थ सीसी लिमिट (खेळत्या भांडवलासाठी बँकेतून उचलता येणाऱ्या पैशांची मर्यादा) वाढवून मागायला दर सहा महिन्यांनी यायचे. धंदा नीट चालला होता, माल वेळेवर जायचा, फक्त पैसे यायचे नाहीत. मी त्यांना एकदा विचारलं, तक्रार का करत नाही? ते म्हणाले, "मॅडम, अर्ज भरून ठेवलाय. ज्या दिवशी शटर कायमचं ओढायचं ठरेल, त्या दिवशी टाकतो." त्या दिवसापासून लहान उद्योगांसाठीचा कुठलाही नियम, योजना, अॅप समोर आलं की मी पहिला प्रश्न एकच विचारते: यात लहान माणसाला स्वतः हात वर करावा लागतो का? लागत असेल, तर तो करणार नाही, असं धरूनच पुढचा विचार करते.

बँक सोडून मी एका धोरण संस्थेत गेले आणि तिथून एका पेमेंट कंपनीच्या धोरण विभागात. म्हणजे तू ज्या वाटेवर उभी आहेस त्या वाटेने मी चालून आले आहे. तिथे खरं काम काय असतं, ते या प्रश्नाच्या आधारानेच सांगते.

२०१९ पासून नियम आहे, की सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांहून जास्त थकवणाऱ्या कंपनीने दर सहा महिन्यांनी 'एमएसएमई-१' नावाचा फॉर्म कंपनी निबंधकाकडे भरायचा. कोणाचे किती थकले आणि का थकले, हे त्यात लिहायचं असतं. इथे बोलायची जबाबदारी खरेदीदारावर आहे, अण्णांनी काहीच करायचं नाही. मग २०२३च्या वित्त कायद्याने आयकरात ४३बी(एच) आणलं. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. १ एप्रिल २०२४ पासून ते लागू झालं, पण २०२३-२४ या वर्षाचा हिशेबही त्यात धरला गेला, म्हणून त्याआधीच्याच मार्चमध्ये मी पहिल्यांदा मोठ्या कंपन्यांच्या अकाउंट्सवाल्यांना स्वतःहून फोन करताना पाहिलं: तुमचा उद्यम नंबर (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) काय, तुम्ही सूक्ष्म की लघु? इतकी वर्षं हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

पण याच कलमाने मला धोरणाबद्दल जे शिकवलं ते वर्गात कोणी शिकवलं नव्हतं. सुरतच्या कापडबाजारातून ओरड झाली, की आमचं गिऱ्हाईक चार-चार महिन्यांनी पैसे देतं, आम्ही ४५ दिवसांत कुठून देणार? काही मोठे खरेदीदार मध्यम उद्योगांकडे किंवा नोंदणी नसलेल्यांकडे वळतील ही भीती पुरवठादारांनाच वाटू लागली, आणि नोंदणी काढून टाकावी का, असं लोक विचारू लागले. शिवाय सगळा हिशेब ३१ मार्चला होतो. मे महिन्यातलं बिल ऑक्टोबरात दिलं, तर पाच महिन्यांनी पैसे देऊनही या कलमाचा चटका बसत नाही. अण्णांचं बिलही असंच वर्षाच्या मध्ये अडकलेलं असणार. ज्यांनी हे कलम लिहिलं त्यांचा हेतू चांगलाच होता. पण हेतूपासून गोकुळ शिरगावच्या शेडपर्यंत पोचताना नियमाचं काय होतं, हे शेडमध्ये बसलेल्या माणसालाच आधी कळतं. ते ज्याला कळलंय आणि ज्याला मसुदा परिपत्रकही वाचता येतं, अशी माणसं फार कमी आहेत. तू त्यातली एक होऊ शकतेस. म्हणून मला तुझ्या पत्राचा इतका आनंद झाला.

आता तुझी कंपनी. बिलावर कर्ज म्हटलं की 'ट्रेड्स' आलंच, म्हणजे थकलेल्या बिलाच्या जोरावर बँकेकडून लगेच पैसे मिळवून देणारे ऑनलाइन मंच. रिझर्व्ह बँकेने २०१४च्या डिसेंबरमध्ये त्याचे नियम काढले आणि २०१७ मध्ये हे मंच चालू झाले: आरएक्सआयएल, एम१एक्सचेंज, इनव्हॉइसमार्ट. पुरवठादाराचं बिल तिथे चढतं, खरेदीदार ते मान्य करतो, मग बँका त्यावर बोली लावतात. पुरवठादाराला एक-दोन दिवसांत पैसे मिळतात आणि मुदतीच्या तारखेला बँक खरेदीदाराकडून वसूल करते. खरेदीदाराने बुडवलं तरी बँक अण्णांच्या दारात येत नाही. माझ्या मते आपल्याकडे लहान उद्योगांसाठी उभ्या राहिलेल्या वित्तीय व्यवस्थांत ही सगळ्यात विचारपूर्वक केलेली आहे. आधी ५०० कोटींवरच्या उलाढालीच्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची होती. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये ती मर्यादा २५० कोटींवर आणली आणि २०२५च्या मार्चअखेरपर्यंत मुदत दिली.

मात्र खासगी कंपन्यांवर सक्ती फक्त नोंदणीची आहे. नोंदणी करून तिथे एकही बिल मान्य न करणारी अशी कंपनी ट्रेड्सचा कुठलाच नियम मोडत नाही. पुन्हा अण्णांनाच पर्चेसवाल्याला म्हणावं लागतं, "साहेब, आमचं बिल तेवढं ट्रेड्सवर घ्या की." म्हणजे परत हात वर करणं आलं. त्यात अण्णांचा खरेदीदार एखादी मधली फाउंड्री असेल तर ती २५० कोटींच्या आसपासही नसते. साखळीच्या शेवटच्या कडीपर्यंत हे पाणी पोचतच नाही. माल गेटवर आल्याची नोंद झाली आणि ठरावीक दिवसांत हरकत घेतली नाही, तर बिल आपोआप मान्य झालं असं का धरू नये? तुझ्या कंपनीला हा प्रश्न विचारायला आवडेल, कारण जास्त बिलं मान्य झाली तर तिचा धंदा वाढतो. अण्णांनाही तेच हवंय. इथे तू दोघांसाठी एकाच तोंडाने बोलू शकतेस आणि त्यात कसलीही लबाडी नाही.

दोघांचं हित जिथे वेगळं होतं ती जागा ओळखणं कठीण असतं. माझ्यावर आलेला प्रसंग सांगते. २०२२च्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात जायला हवी, मध्यस्थाचं शुल्क कर्जदाराकडून न घेता कर्ज देणाऱ्या संस्थेने द्यायचं, सगळे खर्च धरून वार्षिक दर किती पडतो ते आधी लेखी सांगायचं. त्या काळात मी जिथे काम करत होते, तिथे याला विरोध करणारं टिपण मला लिहायला सांगितलं. लिहिण्याआधी मी आमच्याच ५० कर्जदारांच्या फायली काढल्या. पाच लाखांचं कर्ज मंजूर झालेल्या माणसाच्या हातात पाच लाख पडले नव्हते, आणि मध्ये काय काय कापलं गेलं हे बहुतेकांना सांगता येत नव्हतं. मी वरिष्ठांना म्हटलं, याला विरोध करू नका. फक्त एक रास्त अडचण मांडा: कच्च्या मालासाठी दिलेलं कर्ज थेट माल पुरवणाऱ्याच्या खात्यात जाऊ द्या. ही सवलत नियमांत ठरावीक कामासाठीच्या कर्जाला होतीच, ती कशी वापरायची तेवढं स्पष्ट करून घ्यायचं होतं. माझं ऐकलं गेलं नाही. विरोधाचं टिपण दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलं आणि मी चार महिन्यांत तिथून निघाले. नियम राहिले, आणि ते राहिले याचा मला आजही आनंद आहे. २०२४च्या ऑक्टोबरपासून तर सगळ्या किरकोळ आणि एमएसएमई मुदत कर्जांना कर्जाचा सगळा खर्च सांगणारं तसं तथ्यपत्रक द्यावं लागतं. अण्णांनी यापुढे कुठलंही कर्ज घेताना ते पत्रक मागून घ्यायचं आणि वार्षिक दराच्या ओळीवर बोट ठेवून वाचायचं, हे त्यांना माझ्यातर्फे सांग.

यूपीआयचंही असंच आहे. जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर व्यापाऱ्याला शुल्क नाही. चहाच्या टपरीपासून भाजीच्या गाडीपर्यंत ते पोचलं यात या निर्णयाचा मोठा वाटा आहे. पेमेंट कंपन्या म्हणतात, यंत्रणा चालवायचा खर्च कोण देणार? निदान मोठ्या दुकानदारांकडून तरी शुल्क घेऊ द्या. त्यांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. पण 'मोठा दुकानदार' कोणाला म्हणायचं ही रेष कुठे ओढतात, यावर सगळं ठरतं, आणि ती रेष ओढायच्या बैठकीला टपरीवाला नसतो. तू असशील. २०२५च्या जुलैमध्ये तुझ्या त्याच बेंगळुरूत काय झालं ते आठव. यूपीआयवरच्या जमेवरून कर खात्याने छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या आणि दुकानांवर 'फक्त रोख' असे कागद लागले. भाजी, दूध विकणाऱ्यांनाही नोटिसा गेल्या, ज्यांच्या मालावर करच नाही. शेवटी मुख्यमंत्र्यांना विक्रेत्यांशी बोलून जुन्या वसुलीतून माघार घ्यावी लागली. ज्या नोंदींच्या जोरावर लहान माणसाला कर्ज मिळेल असं आपण सांगत आलो, त्याच नोंदी एक दिवस नोटीस होऊन त्याच्या दारात आल्या. अकाउंट अॅग्रिगेटरवरून (आपल्या संमतीने आपली आर्थिक माहिती कर्ज देणाऱ्याकडे पोचवणारी व्यवस्था) जीएसटीची माहिती कर्जासाठी देता येते ही मला मोठी सोय वाटते, विशेषतः गहाण टाकायला काही नसलेल्यांसाठी. पण माहिती एकदा दिली की ती कुठे कुठे जाते, हे साध्या मराठीत त्याला सांगितल्याशिवाय संमतीचं बटण दाबून घेणं मला मान्य नाही. तिथे गेलीस तर हे भांडण तुला घरातच भांडावं लागेल, कंपनीच्या प्रॉडक्टवाल्यांशी.

तुझ्या मित्रांचं म्हणणं मी हलकं घेत नाही. पण लहान उद्योगांची बाजू नियामकापुढे मांडणं म्हणजे विकलं जाणं, असं त्यांनी मानलं तर ती जागा रिकामी राहील आणि तिथे दुसरं कोणी बसेल. आपल्याकडचंच उदाहरण घे. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हांनी बायकांची सहकारी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायका निरक्षर होत्या. त्या बायका घरी गेल्या, लिहा-वाचायला शिकल्या आणि पुन्हा मुंबईला येऊन अधिकाऱ्यांसमोर बसल्या. व्याजाचा हिशेब घालून बघा, म्हणाल्या, आम्ही तोंडी करतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक सुरू झाली. पुढे कार्डाला पिन द्यायची वेळ आली तेव्हा बायकांनीच सांगितलं, पिन नको, अंगठा ठेवा. पिन दुसरं कोणी काढून घेईल, अंगठा आमच्याकडेच राहील. माझ्या आयुष्यात मी वाचलेल्या धोरणविषयक सूचनांत याच्याइतकी नेमकी सूचना क्वचित असेल, आणि ती करणाऱ्यांकडे एमएची पदवी नव्हती. त्या हात वर करू शकल्या कारण त्या एकत्र होत्या. अण्णा एकटे आहेत. तुमच्याकडे गोशिमा आहे, शिरोलीला स्मॅक आहे, कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन आहे. वीजदर आणि रस्त्यांसाठी या संघटना हिरिरीने भांडतात. थकलेल्या बिलांवर नाव न घेता, सगळ्या सभासदांची मिळून आकडेवारी त्यांनी गोळा केली तर कुठल्याच एका शेडवर रोष येणार नाही. हे काम तू नोकरी धरलीस तरी करू शकतेस आणि नाही धरलीस तरी.

एमपीएससीबद्दल अण्णांशी वाद घालू नकोस. नियम राबवणारी चांगली माणसं हवीतच, आणि मनापासून तिकडे जायचं असतं तर तू मला पत्र लिहिलं नसतंस. त्यांना फक्त एवढं सांग, की कंपनीची वकिली आणि उद्योगांची वकिली यातला फरक मला कळतो, आणि तो पुसला जायला लागला तर मी परत येईन. त्यांना खरी काळजी तीच आहे.

माझं मत विचारशील तर जा. पण होकार देण्याआधी मुलाखतीत काही गोष्टी सरळ विचार. कंपनीचं उत्पन्न कोणाकडून येतं, कर्ज देणाऱ्या बँकेकडून, खरेदीदाराकडून की कर्जदाराकडून? कर्जदाराकडून येत असेल तर वार्षिक दर किती पडतो, तो आकडा मला दाखवा. रिझर्व्ह बँकेला पाठवलेल्या सूचना कंपनी लोकांपुढे ठेवते का? माझं म्हणणं वेगळं पडलं तर ते आत कुठे नोंदवता येईल? आणि वर्षातले निदान ३० दिवस मला कर्जदारांच्या शेडमध्ये बसायला मिळतील का? या शेवटच्या प्रश्नावर ते हसले, तर दुसरी कंपनी बघ. रागावून नाही, पण बघ. तू जिल्ह्यात दोन वर्षं काढली आहेस, सहा महिने बाहेर राहिलीस की काय विसरतं ते तुला माहीत आहे.

तिथे गेल्यावर मोठी टिपणं लिहू नकोस. मी सुरुवातीला २०-२२ पानं लिहायची, तक्ते, परदेशातले दाखले. ती कोणी वाचल्याचं मला कधी आठवत नाही. एकदा वैतागून एकाच बिलाचा प्रवास दोन पानांत लिहिला: चलन (मालासोबत जाणारा कागद) कधी निघालं, गेटवर कधी पोचलं, तपासणीत किती दिवस पडून राहिलं, डेबिट नोट (बिलातून रक्कम कापल्याचं पत्र) कशी आली, बिल सिस्टीममध्ये कधी चढलं, पैसे कधी आले. त्यावर समोरून फोन आला आणि अर्धा तास प्रश्न विचारले गेले. नियम करणाऱ्यांना ४५ दिवस माहीत असतात. ते दिवस कुठून मोजायला लागतात यावरच सगळी मारामारी असते, हे त्यांना कोणी दाखवलेलं नसतं.

तर बेंगळुरूचं तिकीट काढायच्या आधी अण्णांशेजारी एक संध्याकाळ बस. त्यांचं उद्यम प्रमाणपत्र काढून प्रकार आणि तारीख बघ. त्या अडकलेल्या बिलाची पीओ (खरेदीची ऑर्डर), चलन, गेटचा शिक्का, सगळे कागद तारखेप्रमाणे लाव. खरेदीदार कंपनी ट्रेड्सवर आहे का, तिने एमएसएमई-१ भरलाय का, ते तपास. यातलं काहीही करायला त्या कंपनीला कळवावं लागत नाही. मग दोन पानं लिही, कंपनीचं नाव न घेता, आणि मला पाठव. अण्णांना वाचून दाखवल्यावर ते कुठे म्हणाले, "असं नसतं गं, तिथं वेगळं होतं," ती ओळ लाल शाईने खूण करून ठेव.

तुझी,
ताई